किल्ली कॉलिनकडे आहे

लिओनीने लेकीच्या, जोसीच्या, केसांतला साबण धुतला, तिला पंच्यात गुंडाळलं आणि ओल्या हातानेच जाळीचं दार उघडलं. ओट्यावर सासरे उभे होते. गुळगुळीत दाढी, अंगात इस्त्रीचा शर्ट. हिवाळ्यात सासूबाई, नोला, गेल्यापासून तिने त्यांना इतकं नीटनेटकं पाहिलं नव्हतं.

“बंदुकीच्या कपाटाची किल्ली दे जरा,” क्लॅरी म्हणाले. “तळ्यापाशी एक मेंढी आडवी झालीय. कावळे टपून बसलेत. सोडवतो बिचारीला.”

“आणते, डॅड.”

जोसीला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. परवाना नवऱ्याचा, कॉलिनचा, तेव्हा किल्ली त्याच्याखेरीज कुणाच्या हाती पडता कामा नये, असा नवा कायदा होता. पण लोकर कातरायच्या दिवसांत कॉलिनचं डोकं ठिकाणावर नसायचं. आजही शेजारच्या मळ्यावर जाताना तो ती साखरेच्या डब्यामागे ठेवून गेला होता.

तिने डब्याकडे हात नेला आणि खिडकीतून तिची नजर बाहेर गेली. ओट्याच्या खांबाला क्लॅरींचा कुत्रा टफी बांधलेला होता. शेजारी त्याचं भांडं, त्याच्या खाण्याचं भरलेलं पोतं, आणि तो झोपायचा ती गोधडी, घडी घातलेली.

मेंढीकडे जायचं तर कुत्रा इथे कशाला?

हात तसाच खाली आला. ती बाहेर गेली.

“किल्ली कॉलिनकडे आहे.”

“दुसरी नाही?”

“घरात ठेवायची नाही म्हणतात. पोलीस तपासायला आले तर परवाना जायचा.”

क्लॅरींनी टोपी काढून हातात घेतली. “कायदे म्हणे. आमच्या वेळी दारामागे छत्री असावी तशी बंदूक उभी असायची. माझी चांगली शॉटगन सरकारने नेली आणि डोळ्यांदेखत चेपून टाकली. त्या कॅनबेरातल्या सुटाबुटातल्यांनी जन्मात एक ससा तरी मारलाय का? आणि ज्याला मरायचंच आहे, त्याला कायदा अडवतो होय?”

एरवी लिओनी हसून मान डोलवायची. टेबलाशी बसून तिनेही त्या सुटाबुटातल्यांना कमी नावं ठेवली नव्हती. आज त्यांच्याच कायद्याने तिच्या हाती एक साधं “नाही” दिलं होतं. काही विचारावं लागलं नाही, क्लॅरींना काही सांगावं लागलं नाही.

“मळ्यावर फोन लावते. येईल तो.”

“एका मेंढीसाठी?”

“हो, एका मेंढीसाठी. तुम्ही आत येऊन बसा. आणि हिला धरा, माझे हात ओले आहेत.”

क्लॅरी अवघडून खुर्चीच्या कडेवर टेकले. लिओनीने फोन लावला, आणि कॉलिन लाइनवर येईपर्यंत भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

“डॅड आलेत. त्यांना कपाटाची किल्ली हवीय. ती तुझ्याकडेच आहे ना? घेऊन ये. आत्ता.”

पलीकडे क्षणभर नुसतं कातरयंत्राचं घरघरणं. किल्ली कुठे आहे हे कॉलिनला पक्कं ठाऊक होतं.

“निघालो,” तो म्हणाला.

तिने चहा टाकला. मागे वळली तर जोसीने आजोबांची कॉलर मुठीत धरून चघळायला घेतली होती. इस्त्री लाळेने भिजत होती, पण क्लॅरी तिला सोडवत नव्हते. त्यांनी तिच्या ओल्या टाळूवर हनुवटी टेकवली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. लिओनीने पाठ फिरवली आणि नळ मोठा सोडला.

कॉलिनचा ट्रक धुरळा उडवत आला. तो कपाटाकडे गेला नाही. बुटांसकट आत आला, खुर्ची ओढली आणि वडिलांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला. मेंढीचं नाव कुणी काढलं नाही.

“आज इथेच राहा, डॅड,” लिओनी म्हणाली. “कोपऱ्यातल्या खोलीत चादर घालते.”

चहा निवला, क्लॅरींच्या छातीवर जोसी झोपून गेली. बराच वेळ गेल्यावर त्यांनी तिला न हलवता मान वळवली.

“सकाळी न्याहारीला काय असतं तुमच्याकडे?”

लिओनीने स्वयंपाकाच्या ओट्याची कडा धरली.

“अंडी. किती करू?”

“दोन. बलक फुटू देऊ नकोस. नोलाला जन्मभर जमलं नाही ते.”