बोटाची टोपी आणि उगवलेलं बोट

मित्रांनो, टोपी घालणारे तुम्ही ढीगभर पाहिले असतील. मी स्वतःच टोपी आहे, पण डोक्याची नव्हे, बोटाची. सुई टोचू नये म्हणून शिंपी मधल्या बोटात घालतात ना, ते जुनं पितळी अंगुस्तान म्हणजे मी. माझ्या अंगावरचा एकेक खड्डा मी एकेका सुईशी झुंजून मिळवलाय. हे खड्डे कारखान्यातच पाडतात असं काही जण सांगतील. त्यांचं ऐकू नका.

आधी मी अण्णांच्या बोटात होते. अण्णा कोट शिवायचे. तरुणपणी कात्रीने त्यांच्या त्या बोटाचा शेंडाच नेला. तेव्हाच्या डॉक्टरांनी उरलेलं बोट आखूड करून टाके घातले आणि काम मिटवलं. बोट वाचलं, पण त्याचा शेंडा मुका झाला. लोकरीच्या कापडाची लव कुठल्या बाजूला बसते, ते शिंप्याला बोटानेच कळावं लागतं. अण्णांनी एक बाही उलट्या लवेची कापली, आणि गिऱ्हाईक उन्हात गेल्यावर त्या बाहीचा रंग वेगळा पडून त्याचा एक हात दुसऱ्याच माणसाचा दिसायला लागला. त्या दिवशी अण्णांनी मला काढलं आणि लेकीच्या बोटात घातलं. तिला सगळे ताई म्हणायचे. काय बोट होतं तिचं, सांगते. डोळे मिटून कापडावर फिरवलं की मेंढी कुठे तोंड करून उभी होती तेसुद्धा सांगायचं.

मग एका दुपारी तो प्रकार झाला. बटणं ठोकायच्या यंत्रात मी अडकते, म्हणून ताईने मला काढून खिशात ठेवलं होतं. दारातून कुणीतरी हाक मारली, तिची मान वळली आणि सवयीने पाय यंत्राच्या पायडलवर पडला. मधल्या बोटाचा शेंडा गेला.

अण्णा तिला हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मी ताईच्या खिशात होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

“नखाचं मूळ शाबूत आहे, हाडही फारसं उघडं नाही,” बाई म्हणाल्या. “हे शिवायचं नाही.”

“डॉक्टर होऊन शिवायचं नाही म्हणता?” अण्णा चक्रावले.

“शिवलं तर तुमच्यासारखं होईल. झाकलं तर बोट स्वतःच वाढायचा प्रयत्न करेल. पूर्वीसारखं हुबेहूब होईल असं नाही सांगत, पण आशा चांगली आहे.”

बाईंनी जखम धुतली आणि बोटावर पातळ पारदर्शक पट्टी टोपीसारखी घट्ट बसवली. दर आठवड्याला ती त्याच बदलणार होत्या. “आत पाणी साठेल, घाण वास येईल. घाबरायचं नाही. त्या ओलाव्यातच नवं मांस धरतं. घरी उघडायचं नाही. ताप आला, ठणका वाढला, लाली वर चढली तर लगेच फोन करा.”

माझी जागा एका पापुद्र्याने घेतली म्हणून मी आठवडाभर रुसले होते.

बाराव्या दिवशी वास असा सुटला की टेबलावरची कात्री आपली आपण मिटली. अण्णांनी तीच उचलली.

“सडतंय गं ते. इकडे आण, कापून मोकळं करतो. वारा लागू दे.”

“बाई नको म्हणाल्यात.”

“बाईंनी एक बोट घालवलंय का कधी? मी घालवलंय.”

ताईचे डोळे भरले. तिचाही धीर सुटला होता. तिने हात पुढे केला.

मित्रांनो, मग मी टेबलावरून उडी मारली. टेबलाला धक्का लागला असेल, असं ताई म्हणते. म्हणू दे. मी टणटणत कपाटाखाली गेले. आता शिंप्याची एक सवय असते, सुई किंवा अंगुस्तान जमिनीवर पडलं की हातातलं काम टाकून आधी ते उचलायचं. अण्णांनी कात्री ठेवली आणि गुडघ्यांवर बसले. ते मला हुडकेपर्यंत ताईने फोन लावला होता.

“ताप आहे? ठणका?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“लाली?”

“नाही. नुसता वास.”

“मग तुमचं बोट कामाला लागलंय. उघडू नका. आत्ता या, मी बघते.”

बाईंनी पट्टी काढली तेव्हा खाली तांबूस, ओलसर, नवं मांस चढलेलं होतं. अण्णांनी चष्मा पुसून पुसून बघितलं.

दोन महिन्यांत शेंडा भरला. थोडा बुटका, नख जरा वाकडं, पण कातडीवर बारीक रेघासुद्धा उमटल्या. मी कितीतरी शिंप्यांची कारागिरी पाहिलीय, मित्रांनो. सुई नाही, दोरा नाही, आणि असं बेमालूम काम मी कुठेच पाहिलं नव्हतं. त्या बाईंची कमाल ही, की हात कुठे लावायचा नाही ते त्यांना कळत होतं.

अण्णांनी लोकरीचं कापड पसरलं. ताईने डोळे मिटले. बोट एकदा पुढे नेलं, एकदा मागे.

“लव खिडकीकडे बसतेय,” ती म्हणाली. मग हात झटकला. “अण्णा, टोचतंय हो फार.”

“टोचतंय?” अण्णांनी तिचं बोट आपल्या मुक्या बोटात धरलं. “टोचू दे गं. मला चाळीस वर्षांत एकदाही टोचलं नाही.”

आता मी तिच्या बोटात जरा ढिली बसते. ताईने आतून चिंधी लावलीय. तेव्हा माझं एवढं ऐका. यंत्राशी असताना कुणी हाक मारली तर आधी पाय काढा, मग मान वळवा. आणि एवढं करूनही लागलंच, तर डॉक्टरांनी झाकलेलं उघडून बघू नका. आत कुणीतरी मन लावून काम करत असतं.