अनाबेशाहीचा खड्डा

दुपारच्या सामसुमीत पडवीत बादलीची कडी खण्णकन पडली आणि मनकर्णेच्या हातातलं सूप थांबलं. मागोमाग वास आला. सडक्या मासळीचा.

पुणतांब्याच्या त्या घरात आजवर मासळी शिजली नव्हती. सासरे आसाराम पक्के माळकरी. शेजारी कुणी सुकट भाजली तरी नाकाला उपरणं लावायचे. आज तेच, भोयांनी गोदावरीकाठी टाकून दिलेली मासळी बादलीभर घेऊन आले होते. बादलीच्या काठावर घोंगावणाऱ्या माशांची काळी झालर.

"मामा, हे घरात कशाला?" तिनं पदर नाकाशी धरला.

"घरात न्हाई, खड्ड्यात. येल काय हवेवर वाढतोय?"

न्हाणीशेजारी दोन हात खोल खड्डा तयार होता. मनकर्णेला तिथं अंजीर हवं होतं. खर्ड्याहून, माहेराहून, ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी आणली होती तिनं. अंजिराला शेणखत आणि न्हाणीचं पाणी मिळालं की झालं, कुणाचा जीव लागत नाही. पण दसऱ्याला राहात्याच्या एका बागायतदारानं म्हाताऱ्याला अनाबेशाही द्राक्षाच्या चार काड्या दिल्या आणि वर कानमंत्रही दिला, मुळाशी मेलेलं जनावर पुरा, घड हातभर लांबतो. तेव्हापासून अंजिराचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

मासळीपुरतं तिनं नाक दाबून घेतलं असतं. पण गोठ्यात पोत्याखाली चिंगी होती. पहाटे पोट फुगून मेलेलं करडू. त्याची आई मेल्यावर बनूनं, मनकर्णेच्या पाच वर्षांच्या लेकीनं, त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं. बाटली संपली तरी ते तिची बोटं चोखत राहायचं. बनू आत झोपली होती. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, चिंगीला नदीकडं न्या. पोरगी रोज हितं खेळती. पाया पडते तुमच्या."

"नदीवर कुत्री खातील. हितं निदान कारणी लागंल."

"आन तुमची माळ?"

"माळ मानसाला असती, येलाला न्हाई. मी काय खातोय व्हय? येल खाईल."

"आन येलाचं कोन खाईल?"

"द्राक्षं खाऊ की. द्राक्षाला कुठं शेपूट असतं?" म्हातारा स्वतःच्याच बोलण्यावर खुदखुदला.

नवरा छगन कारखान्यात पाळीवर. म्हाताऱ्याची कंबर धरलेली, त्यानं करडू पायाला धरून ओढत आणलं. फरशीवर खुरं खरडली. त्या आवाजानं पोरगी उठेल या धास्तीनं मनकर्णेनंच धावत जाऊन पुढचे पाय उचलले. मान लोंबकळली आणि तोंडातला फेस तिच्या पावलावर गळला, कोमट, चिकट.

करडू खड्ड्यात गेलं, त्यावर बादली उपडी झाली. माशा मासळीवरून उठून चिंगीच्या उघड्या डोळ्यावर बसल्या. मनकर्णेनं फावडं हिसकून घेतलं आणि पहिली माती त्या डोळ्यावर टाकली. वर काड्या लागल्या, प्रत्येकीचे दोन डोळे मातीत, दोन वर. म्हाताऱ्यानं हात धुतले, माळ सारखी केली, हरीचं नाव घेतलं आणि रांजणातलं गार पाणी घटाघटा प्याला.

तिनं तीनदा राखेनं हात घासले. वास गेला नाही. याच हातांनी संध्याकाळी भाकरी थापायची होती.

"चिंगी कुठंय?"

बनू उंबऱ्यात उभी होती, केस विस्कटलेले, हातात रिकामी बाटली. चिंगी मामाच्या गावाला गेली, हे उत्तर मनकर्णेनं सकाळपासून घोकून ठेवलं होतं. ते ओठांवर येईतो म्हातारा मायेनंच बोलून गेला,

"चिंगी येलात गेली बग, बाय माझी. आता तिची द्राक्षं व्हनार. लई गोड."

बनू काड्यांपाशी उकिडवी बसली. एका काडीला बोट लावून पाहिलं. आजोबांच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं, मग आईच्या लाल झालेल्या हातांकडं.

"आई," ती हळूच म्हणाली, "मग आपन चिंगीला खायाचं?"