वहीची दोन टोकं

चारुलता मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासचा एकच नियम होता. अर्थ लिहायचा नाही, करून दाखवायचा. 'पुट ऑन' म्हणताना ओढणी अंगावर घ्यायची, 'टेक ऑफ' म्हणताना चप्पल काढायची. "मिनल, पाठ केलेलं मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उडून जातं," त्या म्हणायच्या. "हातांनी शिकलेलं राहतं. आणि नुसतं पिक अप नको, पूर्ण वाक्य. पिक इट अप. 'इट' मधेच बसला पाहिजे."

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम होतं, त्यासाठी मला मुलाखत द्यायची होती. मी बी.कॉम. झालेली, मोठमोठे इंग्रजी शब्द मला येतात. माझं गाडं अडायचं ते या दोन-दोन शब्दांच्या क्रियापदांवर. म्हणून दोन महिने मी स्वयंपाकघरात एकटीच बडबडत होते. पुट द लिड ऑन. टर्न द गॅस डाउन. वुई हॅव रन आउट ऑफ तूरडाळ. माझी दोन वर्षांची रितिका पायाशी वाट्या मांडून बसलेली असायची.

वहीची पुढची पानं या वाक्यांची. मागची पानं मी कुणाला दाखवली नव्हती. 'सकाळी नऊ. तीन हाका. वळली नाही.' 'दुपारी चार. मागून टाळी. वळली नाही.' 'संध्याकाळी ताटली पाडली. वळली, पण बहुतेक सावली दिसली म्हणून.' रितिका चार-पाच शब्दांच्या पुढे गेली नव्हती, आणि पुढच्या खोलीत खेळत असली की हाकेला ओ नाही, मान वळवणं नाही. तिला ऐकू येत नसेल, हे मी स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलं नाही. शुक्रवारी तिच्या कानांच्या तपासणीची वेळ घेतली होती.

"कायले एवढं टेन्शन घेऊन राहिली," माझा नवरा जितेंद्र म्हणाला. "मीबी तीन वर्षाचा होईपर्यंत बोललो नव्हतो."

"अन् आता थांबते कुठं थो," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हसू आवरलं.

गुरुवारी अकराच्या सुमारास मी कणीक मळत होते. सासूबाई पुढच्या खोलीत चवळीच्या शेंगा मोडत होत्या, रितिका कूलरसमोर फरशीवर बसली होती. तेवढ्यात विजेची लाईन गेली. मी आपली कणकेच्या तालावर चालूच. पिक द शूज अप. पुट देम अवे.

"मिनल, इकडं ये वं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पाय न वाजवता ये."

मी दारातून डोकावले. रितिकानं खोलीच्या मधोमध पडलेले स्वतःचे बूट उचलले होते आणि ती ते एकेक करून रॅकमध्ये ठेवत होती.

योगायोग असेल. मी अशा गोष्टींवर लगेच विश्वास ठेवत नाही. मागे सरकले, भिंतीआड उभी राहिले आणि नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "टेक युवर क्लिप ऑफ." तिथून दिसणाऱ्या सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. पुन्हा डोकावले तर क्लिप तिच्या मुठीत होती आणि केस डोळ्यांवर. "पुट इट डाउन." तिनं क्लिप फरशीवर ठेवली.

सासूबाईंनी तिच्या पाठीमागून अगदी हळू हाक मारली, "रितू." ती वळली.

"मराठीबी समजते वं तिले," त्या म्हणाल्या.

मी भिंतीआडून बाहेर आले. कणकेचे हात तसेच.

एवढ्यात लाईन आली आणि कूलर घरघरायला लागला. मी रितूला तीन हाका मारल्या. ती पाठमोरी, ढिम्म. समोर सासूबाईंचे ओठ हलत होते.

"काय म्हणालात, आई?"

त्यांचे ओठ पुन्हा हलले. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

"मी म्हणून राहिली, याच्यात मलेच काही ऐकू येत नाही, तुले नाही, तं पोरीले काय येईन?"

मी हात धुऊन वही काढली. मागची पहिली नोंद एप्रिलच्या चार तारखेची होती. त्याच्या आदल्या दिवशी जितेंद्रनं वाळ्याच्या ताट्या बदलून कूलर खिडकीत बसवला होता. मी वेळ लिहिली होती, हाका मोजल्या होत्या, सावलीसुद्धा टिपली होती. कूलर कुठेच लिहिलेला नव्हता. नागपुरात उन्हाळ्याचे तीन-चार महिने तो अखंड चालतो, त्याचा आवाज होतो हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

शुक्रवारी तपासणीला गेलोच. मी मी आहे. दोन्ही कान उत्तम. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलणं थोडं उशिरा आहे, तीन महिन्यांनी परत दाखवा. "तिनं मागायच्या आधीच हातात देत असाल तुम्ही." मी खाली बघितलं. "जे काम कराल ते करता करता बोला. लहान लहान वाक्यं, पण पूर्ण." हे चारुलता मॅडमनी फोन करून सांगितलं की काय, असं मला क्षणभर वाटलं.

घरी आल्यावर सासूबाईंना निकाल सांगायचा तर कूलरपुढे ओरडावं लागत होतं. रितिका माझ्या मांडीवर होती.

"कूलर बंद कर, हे तुया इंग्रजीत कसं म्हणते?" सासूबाईंनी माझ्या कानाशी विचारलं.

"टर्न इट ऑफ."

"थो 'इट' मधेच राहते ना?"

"मधेच."

रितिका मांडीवरून घसरून उतरली. भिंतीपाशी गेली, हात उंच केला. बटण पुरलं नाही. मी सवयीनं उठले होते, ते पुन्हा बसले. तिनं बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, "अप."

मी तिला उचललं. बटण तिनंच दाबलं.

मग आम्ही तिघी बराच वेळ घामाघूम होऊन बसलो होतो. सोमवारच्या मुलाखतीची आठवण कुणालाच झाली नाही.