शून्याच्या घरापाशी थांबलेली रेषा

मित्रांनो, मी एक जुनी रेषा आहे. माझा रंग विचाराल, तर आज मला रंग उरलेला नाही. आलेखाच्या एका मोठ्या कागदावर मला पेन्सिलीने ओढले होते आणि पुढे रबराने पुसले. पण ओढणारा हात जड होता, म्हणून कागदात माझी चर राहिली. खिडकीतून ऊन तिरपे आले की ती चर दिसते. ती चर म्हणजेच मी. आपण आहोत की नाही, येथूनच जिचा प्रश्न सुरू होतो, तिचे आत्मवृत्त थोडे गोंधळलेले असणार. तेवढे सांभाळून घ्या.

शास्त्राच्या पुस्तकांत माझ्या कुळाला समाश्रयण रेषा म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत रिग्रेशनची रेषा. एक गोष्ट ठाऊक असेल तर दुसरीचे अनुमान सांगणे, हा आमचा कुलधर्म.

माझा जन्म एका शाळेत झाला. जिन्यालगत एक लहान खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक खिडकी, एवढीच तिची संपत्ती. गणिताच्या बाईंना ती खोली हवी होती. वयात येणारी काही मुले हळूहळू बोलायची थांबतात, हे त्यांनी पाहिले होते. अशा मुलांसाठी रोज एक गप्पांचा तास ठेवावा, अशी त्यांची इच्छा होती. मुख्याध्यापकांना मात्र त्या खोलीत मोडके बाक ठेवायचे होते.

"गरज आहे असं दाखवा, खोली तुमची," ते म्हणाले. "पण सगळ्या शाळेला दहा-दहा प्रश्न विचारत बसू नका हो बाई. तेवढे तास कुठून आणू?"

बाईंनी युक्ती काढली. केवळ नववीच्या मुलांना त्यांनी दहा प्रश्न दिले. 'मधल्या सुट्टीत मला कुठे जावे हे समजत नाही', 'मी नसलो तरी कोणाला कळणार नाही', अशा धर्तीचे ते प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. गुण जितके जास्त, तितके एकटेपण दाट. त्याखाली अकरावा प्रश्न होता: 'गेल्या आठवड्यात ज्यांच्याशी तुम्ही मनातले बोललात, त्यांची नावे लिहा.' नववीवरून नावे आणि गुण यांचे नाते सापडले की इतर वर्गांना फक्त अकरावा प्रश्न विचारायचा, आणि उरलेले अनुमान मी सांगायचे, असा बेत होता.

कागदांवर मुलांची नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. आडव्या अक्षावर मित्रांची संख्या, उभ्या अक्षावर गुण. एकेका मुलाचा एकेक बिंदू बाई बारीक टोकाने ठेवत गेल्या, शेजारी त्याचा क्रमांक. हे पाहून मुलांनी त्यांचे नावच 'बिंदूबाई' पाडले. एकशेवीस बिंदू झाले. मग प्रत्येक बिंदूचे माझ्यापासूनचे उभे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल तेथे मला बसवायचे. दोन दिवस ही आकडेमोड चालली. तिसऱ्या दिवशी मी जन्मले. डावीकडे उंच, उजवीकडे उतरती. एक नाव लिहिणाऱ्याला मी चोवीस गुण सांगत असे, पाच नावे लिहिणाऱ्याला सोळा.

एकशेवीसांपैकी अवघे चार बिंदू माझ्या अंगावर होते. बाकीचे कोणी वर, कोणी खाली. सर्वांच्या जवळ राहावे आणि कोणाचेही होऊ नये, हे कसले आयुष्य, हे मला त्या दिवशीही उमगले नाही.

आणखी एक गोष्ट उमगली नाही. माझे डावे टोक एकाच्या घरापाशीच थांबले होते. शून्याच्या घरात एकही बिंदू नव्हता, आणि जेथे बिंदू नाहीत तेथे रेषा नेऊ नये, असे बाई शिकल्या होत्या. शास्त्र म्हणून ते योग्यच होते. पण ते घर रिकामे का, हे कोणी विचारले नाही.

पुढे इतर वर्गांच्या चिठ्ठ्या आल्या. गप्पांच्या तासाला बोलवायची सीमा पंचवीस गुणांची ठरली होती. बाई एकेक चिठ्ठी माझ्यावर लावून पाहू लागल्या. एक नाव, चोवीस. दोन नावे, बावीस. नववीतही कोणाचा बिंदू पंचवीसच्या वर नव्हता. संपूर्ण शाळेत कोणीही सीमा ओलांडली नाही.

मुख्याध्यापक माझ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. "वा! काय देखणी रेषा आहे! म्हणजे आपल्याकडे एकटं असं कोणी नाहीच."

"तसं दिसतंय खरं," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावर आठी होती.

"मग सोमवारी बाक हलवू या खोलीत."

माझी एवढी स्तुती त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. मी सुखावले, हे मी लपवत नाही. पण ज्यांच्यासाठी मला घडवले, त्यांचीच खोली माझ्यामुळे जाणार होती. हे माझे यश की अपयश? शुक्रवारभर मी तोच विचार करत त्या खोलीच्या भिंतीवर लटकत राहिले.

शनिवारी दुपारी शाळेच्या मावशी फडके घेऊन आल्या. घंटा देणे, कागद गोळा करणे, पाण्याच्या टाकीपाशी लक्ष ठेवणे, ही सगळी त्यांची कामे. टेबल पुसता पुसता त्या माझ्यासमोर थांबल्या.

"बाई, ह्यात ती बाटलीवाली पोर कुठली?"

"कोण बाटलीवाली?"

"नववीतली. मधल्या सुट्टीत नळाशी येते, बाटली भरते, कोपऱ्यात जाऊन ओतते, परत रांगेत उभी राहते. चार-चार वेळा! मी एकदा म्हटलंसुद्धा, अगं, टाकी रिकामी करतेस का? नुसती हसली. तहान नसते हो तिला. उभं राहायला कारण लागतं."

वर्णनावरून बाईंना मुलगी ओळखू आली. हजेरीवरून त्यांनी तिचा क्रमांक काढला. एकशे सतरा. त्यांचे बोट माझ्या अवतीभवती फिरले. एकशे सोळा होता, एकशे अठरा होता. एकशे सतरा नव्हता.

बाईंनी टेबलाचा खण उघडला. आत एक फाईल होती, वर लिहिले होते: 'अपूर्ण'. ज्यांनी एखादा प्रश्न कोरा ठेवला, त्यांचे कागद त्या फाईलमध्ये जात. अपूर्ण कागदाची बेरीज करायची नाही, हा त्यांचा नियम होता.

"हा बघा. अकरावा प्रश्न सोडलाय तिनं. घाई झाली असेल."

"घाई?" मावशींनी फडके खांद्यावर टाकले. "कागद मीच गोळा केले ना! सगळा वर्ग गेला तरी ही पेन धरून बसलेली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, बाई?"

बाई खाली बसल्या. त्यांनी एकशे सतराच्या दहा उत्तरांची बेरीज केली. सदतीस. त्यांनी ती पुन्हा केली. मग फाईलमधले नववीचे उरलेले आठ कागद काढले. छत्तीस. चौतीस. अडतीस. नऊही जणांनी अकरावा प्रश्नच कोरा ठेवला होता. त्याखाली इतर वर्गांच्या एकतीस कोऱ्या चिठ्ठ्या होत्या.

"मी ह्यांना बाजूला काढलं," बाई हळूच म्हणाल्या. "मीच."

मग त्यांनी रबर घेतले. मित्रांनो, पुसले जाणे म्हणजे काय, ते मला नीट सांगता येणार नाही. वेदना म्हणावी, तर मला देह नाही. केवळ एवढे आठवते की रबर थांबत थांबत फिरत होते आणि मावशी कागदावरचा भुसा हातात गोळा करत होत्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंच्या निरोपावरून एकशे सतरा आली. हातात भरलेली बाटली होती. बाईंनी तिच्यासमोर तिचा कागद ठेवला.

"हा प्रश्न राहिला का तुझा?"

तिने कागदाकडे पाहिले. "राहिला नाही, बाई. उत्तर तेच आहे."

बाईंनी हातातल्या पेनाचे टोपण परत लावले. त्या आयुष्यभर रिकाम्या जागा भरायला शिकवत आल्या होत्या. अखेर त्यांनी तिला भिंतीपाशी नेले. शून्याच्या उभ्या अक्षावर नवे बिंदू ठेवले होते, एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. नावे नव्हती, क्रमांकही नव्हते.

तिने बोटाने मोजले. "नऊ?"

"नऊ. तुमच्याच इयत्तेत."

तिने बाटली खाली ठेवली. "मला वाटलं, मी एकटीच आहे."

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. मागे दोन माणसे बाक उचलून उभी होती. बाईंनी कागदाकडे बोट दाखवले आणि चाळीस कोरी उत्तरे त्यांच्या हातात दिली. ते एकेक कागद उलटत गेले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "बाक परत न्या. आणि बाई, चाळीस मुलांना दोन खुर्च्या कशा पुरणार?"

त्याच आठवड्यात माझी वारस जन्मली. ती शून्याच्या घरापर्यंत जाते आणि तेथे एकोणतीस सांगते. एकतीस कोऱ्या चिठ्ठ्या तिने सीमेपार नेल्या आणि ती मुले त्या खोलीत येऊ लागली. ती माझ्याहून शहाणी आहे. तरीही एकशे सतराचा बिंदू तिच्याही वर आठ घरे उरलाच. म्हणजे तीही पुरती खरी नाही. मग खरी रेषा कोठे असते? मला माहीत नाही.

वर्षभराने त्याच मुलांना तेच प्रश्न पुन्हा दिले गेले. एकशे सतराने अकराव्या प्रश्नाखाली एकच नाव लिहिले होते: 'नळाजवळच्या मावशी'.

"मावशींना मैत्रिणींत धरायचं का?" मुख्याध्यापकांनी विचारले. "नियम काय म्हणतो?"

"नियम माझाच होता, सर," बाई म्हणाल्या. "मागे एकदा पाळून पाहिला."

मावशी दाराशी ऐकत होत्या. त्यांनी पदराने चेहरा पुसला. "धरा हो, बाई. रोज डोकं खाते माझं. एवढं तर मैत्रिणीच खातात."

बाईंनी एकाच्या घरात बिंदू ठेवला. गुण होते पंचवीस. ऊन तिरपे होते, आणि मी पाहिले की तो बिंदू माझ्या चरीच्या एक घर वर बसला होता. ज्या मुलीसाठी मला पुसले, ती माझ्याच शेजारी आली होती. मग मी चूक होते का? की थोडी बरोबर होते आणि भलत्या मुलांविषयी बोलत होते? अजून कळलेले नाही.

एवढे मात्र मागते. तुमच्या वर्गात कोणी उत्तराची जागा कोरी ठेवली, कोणी विनाकारण नळाशी उभे राहिले, तर त्याचा कागद बाजूला काढू नका. तो पुरा भरलेला असतो. त्याच्या मागे रांगेत उभे राहा. तहान नसली तरी चालेल.