‘रानवेळ’चे सगळे अंक

रोहिणीने स्कार्फ नाकावर आणखी ओढून घेतला आणि बारामती स्टँडसमोरच्या स्टॉलवर वाकून हळूच विचारलं,

"‘रानवेळ’ आहे का? दिवाळी अंक. असतील तेवढे सगळे द्या."

स्टॉलवाला कुंडलिक रांगोळीची पुस्तकं लावत होता. त्याने वर पाहिलं.

"सगळे?"

"हो."

पोरगी वेडी आहे की श्रीमंत, हे ठरवायला तो जरा थांबला आणि मग मागच्या गठ्ठ्यांत शोधायला लागला. रोहिणीला धीर धरवेना. जळोची इथून काय लांब नाही. गावातलं कुणीही कधीही समोर उभं राहिलं असतं. जळोचीच्या चौकात तर ती स्वतःच महिनाभर उभी होती, भल्यामोठ्या फ्लेक्सवर, चुलतबहिणीच्या लग्नातल्या पैठणीत. ‘गावची कन्या कु. रोहिणी हिची कविता सुप्रसिद्ध दिवाळी अंक रानवेळमध्ये! हार्दिक अभिनंदन!’ खाली झाडून सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावून.

कविता निवडली गेली नव्हतीच. इंदापूरच्या शाळेत शिकवता शिकवता तिने ‘दिवाळी अंकासाठी कविता पाठवा’ असं आवाहन वाचलं, एक कविता पाठवली, आणि उत्तर आलं: ‘आपली कविता मिळाली. आभारी आहोत. निवड झाल्यास कळवू.’ ते तिने हौसेने घरच्या ग्रुपवर टाकलं. तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, उभा जन्म कारखान्याला ऊस घातलेला. काट्यावर वजन झालं, पावती हातात आली, की ऊस गेला. मग कारखाना ‘बघून कळवतो’ म्हणत नाही. ‘मिळाली’ असं लिहून आलंय, वर आभारही मानलेत, म्हणजे कविता गेलीच की. दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स लागला.

खरं तर तेव्हाच घरी एक फोन करायला हवा होता. तिने केला नाही. होईलही निवड, असं मनात आलं, आणि खोटं कशाला बोला, फ्लेक्सवर ती स्वतःला आवडलीही होती. पुढे नकार आला, तोही तिने गुपचूप गिळला. आता मात्र लाजेने तिचा जीव अर्धा झाला होता. गावातल्या कुणी अंक विकत आणून नुसता चाळला असता, तरी तात्यांना चौकातून मान वर करून जाता आलं नसतं.

"संपले," कुंडलिक म्हणाला. "सकाळीच एकजण समदे घिऊन गेले."

"कोण?"

"जळोचीचे हाय म्हणले. आधी हितंच उभं राहून पान न् पान बघितलं. मंग मला म्हणले, चष्मा इसरलोय, कवितावाल्यांची नावं वाच. वाचली. म्हणले, परत एकदा वाच. परत वाचली." त्याने एक पुस्तक सरळ केलं. "जरा वेळ बसले हितं खोक्यावर. पाणी प्याले. मंग म्हणले, असतील तेवढे बांध."

रोहिणीने जळोचीची रिक्षा पकडली. रिक्षात तिला स्कार्फमध्ये श्वास घेता येईना, तरी तिने तो सोडला नाही.

घरी गोठ्यापाशी तात्या कुट्टी मशीनवर गुरांसाठी मका कापत होते. शेजारचे विजयसिंहराव येऊन उभे होते.

"सावळारामराव, अंक कुठाय? दाखवा की."

"कुठला मिळतोय!" मशीनच्या आवाजावर तात्या ओरडले. "पार बारामती पालथी घातली. हातोहात खपला. एक शिल्लक न्हाय."

आयुष्यात कधी खोटा शब्द न बोललेला माणूस, आणि वर हसतही होता. विजयसिंहराव कौतुकाने मान डोलावत गेले. पेंडीच्या पोत्यांमागचा सुतळीने बांधलेला गठ्ठा रोहिणीला दिसला. तिला तो दिसला, हे तात्यांच्याही लक्षात आलं.

"तात्या, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"आन् मी इचाराया पायजे व्हतं." त्यांनी मक्याची पेंढी पुढे सरकवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "लोकं इचारत्यात, पोरीनं लिवलंय काय? मी आपला म्हणतोय, लई भारी लिवलंय. मला ठावं तरी हाय का? फ्लेक्स लावला, पर वाचून दाखव म्हणालो न्हाय कदी. लाज वाटली मला तितं स्टॉलवर, खोक्यावर बसल्यावर."

"छापण्यासारखी नव्हती ती."

"ते त्यांचं त्यांला."

तात्यांनी बटण दाबलं. मशीन गरगरत थांबलं आणि गोठ्यात एकदम शांत झालं. पालथ्या पाटीवर बसून त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"हं. वाच."

रोहिणीने स्कार्फ सोडला. मोबाइलवर कविता सापडली, पण पहिली ओळ काही केल्या तोंडातून निघेना. तात्या पाटीवर तसेच बसून राहिले. काट्यावर आपल्या गाडीचा नंबर येईस्तोवर थांबायची त्यांना जन्माची सवय होती.