दुसरी जुडी

भिंतीच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक पिवळी रेघ होती. पावसाळ्यात ती दिसेनाशी व्हायची. उन्हाळ्यात ओल विटांतून वर चढून सुकली की पुन्हा उमटायची, हळदीचं बोट ओढल्यासारखी. जागेवर गेले की मी आधी तिच्यापाशी बसायची.

थेरगावच्या कडेला ही जागा पूर्वी एका लहान प्लेटिंग कारखान्याची होती. लोखंडाला क्रोमची चकाकी देताना सांडलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथे मुरलं. कारखाना बंद पडला आणि मालकाने जागा गावाला देऊन टाकली. गावाला तिथे बालवाडी हवी होती. मुलं रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसत, आणि शेडला घासून ट्रक जात. मी पिंपरीच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होते. १९७८ साली सरपंच हिंदुराव आले आणि म्हणाले, "बाई, माती तेवढी बघून सांगा."

मातीचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात रसायनाचे थेंब टाकले, तर ते जांभळं झालं. म्हणजे क्रोमचं विष होतं.

गावाने तोंडाला ओले पंचे बांधून, हातात रबरी मोजे चढवून सगळ्यांत पिवळी माती उकरली आणि सिमेंटच्या हौदात बंद केली. उरलेल्या जमिनीत विष मारायला मी सांगितला तसा हिराकस आणि मग चुना मिसळला.

पुढच्या उन्हाळ्यात अंबूबाईंनी कुणाला न विचारता तिथे मेथी पेरली. ही जमीन कधीकाळी त्यांच्या सासऱ्यांची होती. जमीन हिरवी झाली की बरी झाली, असा त्यांचा हिशेब. मेथी आली, तीही झक्कास. जुडी घेऊन त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"पयली देवीला ठेवली. दुसरी जमिनीची सेवा केली त्याला, म्हंजी तुमाला. तुमी खाल्ली की मग आमी खानार."

त्या रिवाजाने आम्हाला वाचवलं. मी जुडी प्रयोगशाळेत नेली, भट्टीत जाळून राख केली, राख तपासली. रंग फिका होता, पण जांभळाच.

मी गावात जाऊन सांगितलं, खाऊ नका, सगळी उपटा, मुलांना इतक्यात आणू नका.

"एवढी हिरवीगार भाजी, आन् बाई म्हनत्यात विष!" हिंदुराव चिडले. "आमाला तर काय दिसंना."

अंबूबाईंनीच पदर खोचून पहिला वाफा उपटला.

दुसऱ्या वर्षी राखेला रंग आला नाही, मातीच्या पाण्यालाही नाही. पण भिंतीवर पिवळी रेघ होती, म्हणजे विटांत विष अजून होतं. मी म्हटलं, अजून एक उन्हाळा.

"बाईंची भट्टी लई खादाड," अंबूबाई बायकांना सांगत. "दर साली माझी मेथी खाती, ढेकर काय देत न्हाई."

त्याच वर्षी एका ट्रकने शेडचा खांब मोडला. सुट्टीचा दिवस होता, आत कुणी नव्हतं. हिंदुरावांनी नवा खांब रोवला आणि मला एका शब्दानेही टोचलं नाही. माझी नळी त्यांच्यातल्या कुणी पाहिली नव्हती. माझ्या नुसत्या शब्दावर त्यांनी आपली मुलं त्या रस्त्याकडेला ठेवली होती. एवढा विश्वास मला नोकरीत कधी मिळाला नाही. त्या लोकांचे उपकार मी आजही मानते.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात भिंत कोरडी ठणठणीत होती. मी विटांवरून ओला कापूस फिरवला. पांढराच राहिला. माती तपासली, शेजारच्या विहिरीचं पाणी तपासलं, स्वतः उपटून नेलेली मेथीही. नळ्या स्वच्छ होत्या. तरी मी आठवडाभराने सगळं पुन्हा एकदा तपासलं, आणि मग जागेवर गेले.

अंबूबाई भिंतीशी जुडी घेऊन उभ्याच होत्या. शेजारी हिंदुराव.

"घ्या," त्या म्हणाल्या. "घाला भट्टीत."

मी जुडी घेतली. देठांना माती होती; ती मी बोटांनी पुसली.

"ही भट्टीत नाही जायची, अंबूबाई. आज संध्याकाळी माझ्या घरी कढईत जाणार. हिंदुराव, जूनपासून मुलं इथे बसवा."