आरआयपी आणि पिठलं-भात

रत्नाकर, म्हणजे माझे यजमान, गेले त्या दिवशी आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘आरआयपी’ची रांग लागली. आरआयपी, आरआयपी, जोडलेले हात, पुन्हा आरआयपी. कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवसही त्याच दिवशी होता, म्हणून मध्येच ‘एचबीडी’ घुसलं होतं. आल्हाद वझेनं तर सवयीनं गुलाबाच्या फुलासकट ‘जीएम’ टाकलं, म्हणजे गुड मॉर्निंग. तिकडे नर्मदेच्या ग्वारीघाटावर माझ्या नवऱ्याची चिता अजून विझली नव्हती.

हे सगळं मला दाखवलं प्रणोतीनं, माझ्या लेकीनं. ती बँकेत आहे आणि माझ्याजवळच राहते. मी विचारलं, ‘‘आरआयपी म्हणजे काय गं?’’

‘‘रेस्ट इन पीस. म्हणजे आत्म्याला शांती मिळो.’’

‘‘मग तसं लिहायला यांचे हात मोडलेत का?’’

‘‘आई, आजकल सगळे असंच लिहितात. बिझी असतात न लोक.’’ असं म्हणत तिनं अंगठ्यानं झटकन काहीतरी टाइप केलं. मी डोकावून पाहिलं. ‘टीवाय ऑल’ लिहिलं होतं. बापाच्या मरणावर लिहिणाऱ्या लोकांचे आभारसुद्धा धड मानायला नकोत. पोटची पोर असून मला तिचीही किळस आली.

मी एवढी का भडकले ते सांगते. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे लोक पिठलं-भात घेऊन येतात, समोर बसतात, बळेच दोन घास खायला लावतात. जबलपुरात मराठी घरं इथे एक, तिथे एक. म्हणून ते काम ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मंडळातलं कुणी गेलं असं कळलं की मी पिठलं घोटायचं आणि फॅक्टरीतून आल्या आल्या ह्यांनी स्टीलचा डबा स्कूटरवर पायाशी ठेवून निघायचं. कधी गढ्याला, कधी रांझीला, कधी कमानिया गेटच्या गर्दीत हॉर्न वाजवत. तिथं जाऊन हे फार बोलतही नसत. वाढायचं, थोडं बसायचं आणि डबा घेऊन परत यायचं. अंबरीश दातार आज मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मिरवतो, पण त्याचे वडील गेले तेव्हा ते पोर जेवेना, तर ह्यांनी त्याला हातानं भरवलं होतं.

आणि हे गेले तेव्हा घाटावर फॅक्टरीतले जुने सोबती आले, सगळे हिंदी बोलणारे. मंडळातलं काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. संध्याकाळी प्रणोतीनं मोबाइलवरून जेवण मागवलं. आणणारा माणूस दारात उभा राहून म्हणाला, ‘‘दीदी, फाइव्ह स्टार दे देना.’’ तेलाचा तवंग आलेली ती दाल मी कशीबशी गिळली.

अंबरीशनं ग्रुपवर लिहिलं होतं, ‘आरआयपी काका’. त्यात काका हा शब्द तेवढा पुरा होता.

मग मी ही भाषा शिकायला घेतली. प्रणोती म्हणाली, ‘‘आई, तुला काहून पाहिजे हे?’’

‘‘कोण काय फेकून मारतंय ते कळायला नको?’’

तिनं शिकवलं. आयडीके म्हणजे मला ठाऊक नाही. बीआरबी म्हणजे आलोच परत. आलोच म्हणणारे येत नाहीत, हे तिनं सांगायची गरज नव्हती. टीसी म्हणजे काळजी घ्या. म्हणजे तुमची तुम्ही घ्या, आम्ही काही येत नाही. शिकत गेले तसतशी ही भाषा मला आणखी घाणेरडी वाटायला लागली. उष्ट्या ताटात उरलेले तुकडे उचलून दुसऱ्याला वाढावेत, तसं काहीतरी.

श्रावणात अंबरीशची आई गेली, विनतावहिनी. त्यानंच ग्रुपवर कळवलं आणि पुन्हा रांग लागली. मी मोबाइल हातात घेतला, आर दाबलं, आय दाबलं, पी दाबलं आणि पाठवून दिलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. ज्या घरातून डबा यायचा त्या घरातून तीन अक्षरं आलेली बघू दे त्याला. झोंबू दे चांगलं.

लगेच त्याचं उत्तर आलं. ‘टीवायएसएम काकू’ आणि जोडलेले हात. मनापासून आभार, असा त्याचा अर्थ. ते मला शिकवलेलं होतं.

मी थोबाडीत मारली होती आणि गधड्यानं आभार मानले होते. त्याला काहीच लागलं नव्हतं. मी त्या रांगेत इतरांसारखीच एक होऊन बसले होते. आणि मग मला विनतावहिनी आठवल्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हिंदीचा गंध नव्हता. माझं बोट धरून त्यांनी मला ओमतीचा बाजार दाखवला होता. त्या बाईला मी तीन अक्षरांत पोचवून मोकळी झाले. आता मला माझीच शिसारी आली.

प्रणोती बँकेतून आली तेव्हा मी पिठलं घोटत होते आणि तोंडानं शिव्या देत होते.

‘‘आई, कोणासाठी करून राहिली तू?’’

‘‘त्या निर्लज्जासाठी. फळीवरचा तो स्टीलचा डबा काढ आणि तुझी स्कूटी बाहेर घे.’’

तिनं डबा काढून दिला आणि स्कूटीची किल्ली उचलली.

अंबरीशच्या घराचं दार उघडंच होतं. बायको बाळंतपणाला नागपूरला, बहीण सकाळच्या गाडीनं येणार. घाटावरून आलेला तो एकटाच जमिनीवर बसला होता. पुढ्यात फोडलेला बिस्किटांचा पुडा आणि सारखा थरथरणारा मोबाइल.

‘‘अरे काकू, तुम्ही काहून तकलीफ केली? तुमचा मेसेज आला होता न.’’

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मेसेज आला म्हणजे मी येऊन गेले.

‘‘ताट आण,’’ मी म्हटलं. ‘‘आणि गिळ.’’

मी वाढलं. तो जेवायला लागला. मोबाइल वाजला की डावा हात तिकडे जायचा, अंगठा हलायचा, टीवाय, टीवाय. मी काही बोलणार इतक्यात प्रणोती उठली. तिनं त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला, बंद केला आणि खिडकीत ठेवून दिला. त्यानं तो परत मागितला नाही.

मग तो ताटाकडे बघून जेवू लागला. डब्याचं झाकण त्याच्या समोर पडलं होतं. त्यावर ह्यांचं नाव कोरलेलं आहे, रत्नाकर विष्णू लिमये. त्यानं ते वाचलं. घास हातातच राहिला.

‘‘काकू,’’ तो म्हणाला, ‘‘काका गेले तेव्हा मी आलो नाही.’’

मी ‘असू दे’ म्हटलं नाही.

‘‘नाही आलास,’’ मी म्हटलं आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.